स्टोइक : गुलामाचे आणि सम्राटाचे तत्त्वज्ञान

दुःख मुकाट्याने गिळणारा, चेहऱ्यावरची रेषही न हलू देणारा दगडी मनाचा माणूस म्हणजे 'स्टोइक', अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मूळ शब्दाचा मात्र दगडी मनाशी काही संबंध नाही. असलाच तर तो दगडी खांबांशी आहे. अथेन्सच्या बाजारचौकात भित्तिचित्रांनी सजवलेली एक लांबलचक ओसरी होती. मॅरेथॉनच्या लढाईचे चित्रही तेथे होते. अशा ओसरीला ग्रीक भाषेत 'स्टोआ' म्हणत. इ. स. पू. ३०० च्या सुमारास सायप्रस बेटावरील किटियम गावचा झीनो तेथे शिकवू लागला, आणि त्या जागेवरून त्याच्या अनुयायांना नाव मिळाले.

झीनो मूळचा व्यापारी. परंपरा अशी सांगते, की त्याचे जहाज फुटले, माल बुडाला आणि तो अथेन्सला येऊन एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात बसला. तेथे सॉक्रेटिसाविषयीचे लेखन त्याच्या कानी पडले. अशी माणसे कोठे भेटतात, असे त्याने विचारले तेव्हा दुकानदाराने रस्त्याने जाणाऱ्या क्रेटिसकडे बोट दाखवले. कथा खरी असो वा नसो, सर्वस्व गमावल्यावर सुरू झालेले हे तत्त्वज्ञान आहे, एवढे तिच्यावरून ध्यानात येते.

झीनोनंतर क्लिअँथिस आला. तो पूर्वीचा मुष्टियोद्धा. रात्री बागांना पाणी घालून पोट भरायचे आणि दिवसा अध्ययन करायचे, असा त्याचा क्रम होता. (वसतिगृहातील मित्रांनी नोंद घ्यावी!) पंथाला शास्त्रशुद्ध रूप दिले ते मात्र क्रिसिपसने. त्याने सातशेहून अधिक ग्रंथ लिहिल्याचे सांगतात. त्यांपैकी एकही आज पूर्ण उपलब्ध नाही. त्याच्या तर्कशास्त्राचे महत्त्व तर विसाव्या शतकातील तर्कशास्त्रज्ञांना उमगले.

विश्वात सर्व काही कार्यकारणाने बांधलेले आहे, असे स्टोइक मानीत. मग विरोधक विचारीत, "बरे होणे नशिबात असेल तर वैद्याला बोलावले काय आणि न बोलावले काय, सारखेच!" ग्रीकांनी या युक्तिवादाला 'आळशी युक्तिवाद' असे सार्थ नाव दिले होते. क्रिसिपसचे उत्तर असे, की रोगी बरा होणे जर कारणसाखळीत असेल, तर वैद्याला बोलावणे हाही त्याच साखळीतला दुवा आहे. दुवा काढून घेतला तर साखळी उरतच नाही. स्टोइक विचाराला दैववाद म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी एवढे उत्तर तरी वाचावे.

रोममध्ये या विचाराला नवे आयुष्य लाभले. एपिक्टेटस हा जन्माने गुलाम आणि पायाने अधू. धन्याने पाय पिरगाळून मोडला, अशी एक आख्यायिका आहे. दुसऱ्या परंपरेप्रमाणे ते केवळ दुखणे होते. पुढे तो मुक्त झाला. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून हद्दपार केले तेव्हा त्याने ग्रीसमधील निकोपोलिस येथे शाळा काढली. स्वतः त्याने एक ओळही लिहिली नाही. एरियन या शिष्याने टिपणे ठेवली म्हणून आपल्याला तो कळतो. त्याच्या शिकवणुकीचा गाभा सोपा आहे. आपली मते, इच्छा आणि निर्णय आपल्या स्वाधीन आहेत. शरीर, संपत्ती, लौकिक आणि अधिकारपद नाहीत. घटना माणसाला व्याकुळ करीत नाहीत, घटनेविषयी त्याने करून घेतलेले मत व्याकुळ करते.

येथे आपल्याला गीतेतला स्थितप्रज्ञ आठवणे स्वाभाविक आहे. साम्य आहेच, पण स्टोइकाला मोक्षाची ओढ नाही. त्याला याच विश्वनगरीचा चांगला नागरिक व्हायचे आहे.

याच विचाराच्या आधारे १९५० च्या दशकात अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभारली, आणि एपिक्टेटसचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. जेम्स स्टॉकडेल हा अमेरिकन वैमानिक १९६५ मध्ये व्हिएतनाममध्ये पकडला गेला. सात वर्षांहून अधिक काळच्या कैदेत, छळ सोसताना, एपिक्टेटसनेच आपल्याला तारले असे त्याने पुढे लिहिले.

तरीही एक आक्षेप मला टाळता येत नाही. मन मुक्त असले की पुरे, असे म्हटल्यावर पायातल्या बेडीचे काय? सेनेकाने आपल्या एका प्रसिद्ध पत्रात गुलामही आपल्यासारखीच माणसे आहेत, त्यांना माणुसकीने वागवावे, असे कळकळीने लिहिले. त्या काळात हे लहान धाडस नव्हते. पण त्यांना मुक्त करा, असे तो म्हणाला नाही. आणि तो स्वतः रोममधील अतिश्रीमंतांपैकी एक होता. बेडीतल्या माणसाने 'बेडी माझ्या मनाला नाही' म्हणणे ही वीरवृत्ती आहे. तेच वाक्य बेडी घालणाऱ्याने ऐकवले तर ते सोयीचे ठरते. स्टोइक ग्रंथ वाचताना बोलणारा कोण आहे, हे मी म्हणूनच आधी पाहतो.

मार्कस ऑरेलियस १६१ ते १८० या काळात रोमचा सम्राट होता. युद्ध आणि साथीच्या धामधुमीत, छावणीत बसून, तो स्वतःसाठी ग्रीक भाषेत टिपणे लिहीत असे. आपल्यावरील उपकारांची यादी करताना त्याने गुरू रस्टिकसचे आभार मानले आहेत, कारण एपिक्टेटसच्या प्रवचनांची स्वतःजवळची प्रत रस्टिकसने त्याला दिली होती. एका गुलामाचे शब्द सम्राटाने आयुष्यभर उशाशी बाळगले. त्याच्या साम्राज्यात गुलामांचे बाजार मात्र पूर्वीसारखेच भरत राहिले.