आधी तपासणी, मग उपदेश

आमच्या लोणी देवकरला व्यसनाचा निवाडा पारावरच होतो. 'पोरगं वाया गेलं' म्हटलं की संपलं. शेजारचे गृहस्थ मुलाला घेऊन आले. "चाचा, याला चार शब्द सांगा. शपथ घाला." शब्द जुळवणं हा माझा उद्योग, पण इथं ते कामाचे नव्हते.

१९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं, पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. व्यसन हा आजार मानून तिथं उपचार होतात. आजार म्हटला की आधी निदान आलं. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची चाचणी आहे. प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरीज ८ किंवा अधिक झाली, तर काळजीचं. किती पिता एवढंच नव्हे. सुरू केल्यावर थांबता येतं का, सकाळी उठल्याबरोबर लागते का, हेही विचारतात.

मुलांचे प्रश्न निराळे. एकटा असताना घेतोस का? नशेतल्या माणसाच्या गाडीवर बसलास का? आईबापांसमोर याची खरी उत्तरं कोण देईल?

आणि शपथेचं म्हणाल, तर रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून डॉक्टर हवा.

मुलगा आत तासभर बोलला. वडील बाहेर बाकावर. मग डॉक्टरांनी त्यांनाही बोलावलं आणि तेच १० प्रश्न त्यांच्यापुढं ठेवले.