घरच्या भाजीची पहिली लागवड

पहिल्याच वर्षी सारे परस खणून दहा-बारा भाज्या लावण्याचा उत्साह बहुधा पाण्याअभावी ओसरतो. म्हणून रोज दोन-तीन घागरी पाण्यावर पोसेल एवढीच लागवड प्रथम करावी.

पावसाळा संपताच, दिवसाचे बहुतेक तास ऊन मिळणाऱ्या जागी १ मीटर रुंद व २ मीटर लांब असे तीन वाफे करावेत. एवढ्या रुंदीच्या वाफ्यात पाय न देता दोन्ही बाजूंनी खुरपणी करता येते. प्रत्येक वाफ्यात दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्च्या शेणखताने हुमणी व वाळवी यांचा उपद्रव वाढतो.

तिन्ही वाफे एकाच दिवशी पेरू नयेत. आठ-दहा दिवसांच्या अंतराने एकेक वाफा मेथीचा पेरावा. मेथी सुमारे महिन्याभरात काढणीस येते. एक वाफा संपतो तोच दुसरा तयार होतो. रिकाम्या वाफ्यात पालक पेरावा व तो न उपटता कापून घ्यावा, म्हणजे पुन्हा फुटतो. साबणाचे पाणी वाफ्यांत सोडू नये.

आठवड्याच्या बाजारातील पालेभाजी दोन दिवसांत सुकते. परसातील भाजी गर्भवती स्त्रीच्या व मुलांच्या ताटात वरचेवर ताजी येते. म्हणून ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी बियाणे देऊन थांबू नये. दुसऱ्या पेरणीच्या वेळी त्या घरी अवश्य पुन्हा जावे.