ब्रेकचा ‘रिकॉल’ : आपली गाडी त्यात आहे का?

ऑक्टोबर 2022 मध्ये मारुती सुझुकीने वॅगनआर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून 9,925 गाड्या परत बोलावल्या. मागच्या ब्रेकमधली एक पिन तुटण्याची शक्यता होती. आधी नुसता आवाज येणार, पुढे ब्रेकवर परिणाम होणार. कारखान्यातच राहून गेलेला असा दोष कंपनी स्वखर्चाने काढून देते, त्याला ‘रिकॉल’ म्हणतात. वापरून झिजलेले ब्रेक पॅड त्यात येत नाहीत. तो खर्च आपलाच.

पहिलं काम म्हणजे आरसी बुक काढून चासी नंबर बघणं. अक्षरं-आकडे मिळून तो 17 स्थानांचा असतो. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात वापरतच नाहीत, म्हणून ‘ओ’ वाटलं तरी शून्यच टाकायचं. ‘नंबर सापडत नाही’ असं उत्तर आलं, तर आधी हे तपासा.

हा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर टाका, नाहीतर सोलापुरात होटगी रोड असो वा पुणे रोड, अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन विचारा. पासिंगच्या तारखेवरून मात्र अंदाज बांधू नका. वरच्या गाड्या 3 ऑगस्ट ते 1 सप्टेंबर 2022 या काळात बनलेल्या होत्या. त्यातली एखादी दसऱ्याच्या मुहूर्तावर पासिंग झालेली असू शकते.

खरी गडबड होते ती जुन्या गाडीत. कंपनीचं पत्र किंवा फोन जातो नोंदीतल्या मालकाला. गाडी बार्शीहून अक्कलकोटला आली, पैसे दिले-घेतले, पण मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30 तसेच डिकीत पडून! मग आपल्याला कळणार कसं? रिकॉल गाडीला लागू असतो, मालक कितवा याला महत्त्व नाही. दुरुस्ती आपल्यालाही फुकटच मिळते.

यादीत नाव निघालं म्हणजे दोष आहेच असं नाही. आधी तपासणी होते, गरज असेल तरच भाग बदलतात. जॉब कार्डवर रिकॉलचं काम वेगळं लिहून घ्या, म्हणजे ते सर्व्हिसच्या बिलात मिसळणार नाही.

दुरुस्तीची तारीख मिळेपर्यंत ब्रेकच्या पेडलकडे लक्ष असू द्या. 2018 मध्ये 52,686 स्विफ्ट-बलेनो ब्रेकच्या व्हॅक्यूम नळीसाठी तपासणीला बोलावल्या होत्या. इंजिनाची ओढ या नळीतून बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला मिळते. नळी गळाली की पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक लागतो, पण फार जोर द्यावा लागतो. असं झालं तर तुळजापूरचा घाट उतरायला जाऊ नका, सर्व्हिस सेंटरला फोन करून गाडी उचलून न्यायला सांगा.

कंपनीने दाद दिली नाही, तर परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. 1 एप्रिल 2021 पासूनच्या नियमांनुसार सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकार सक्तीचा रिकॉल लावू शकतं आणि कंपनीला 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो.