डोंगर नसलेली नदी

लखनऊला गोमतीत पहिल्यांदा होडीत बसाल, तेव्हा एक प्रश्न मनात धरून बसा : हे पाणी येतं कुठून? आपल्याला सवय सह्याद्रीची. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, गोदावरी ब्रह्मगिरीवर. उत्तरेत हिमालय आहेच. गोमतीला मात्र ना डोंगर, ना बर्फ! पिलिभीत जिल्ह्यात माधोटांडा गावाजवळ सपाट तराईत गोमत ताल नावाचं एक तळं आहे. तिथून ती निघते आणि नऊशेहून अधिक किलोमीटर वाहून कैथी गावाजवळ गंगेला मिळते.

मग पाऊस संपल्यावर ती वाहते कशाच्या जोरावर? पावसाळ्यात जमिनीत मुरलेलं पाणी वाळूच्या थरांत साठून राहतं आणि नदीची पातळी उतरली की हळूहळू झिरपत पात्रात येतं. म्हणजे होडीखालून सरकणारं बरंचसं पाणी कितीतरी काळ अंधारात काढून आलेलं असतं. त्यात उतार किलोमीटरला जेमतेम वीतभर. अशा नदीला घाई कसली? ती वळत, रेंगाळत जाते, आणि शहरात खालच्या अंगाला असलेल्या बंधाऱ्यामुळे आणखीच संथ होते. लांबट होडीला याहून चांगलं पाणी कुठलं?

पण हीच नदी पावसाळ्यात अंगावर येते. त्यावर क्लॉड मार्टिन या फ्रेंच माणसाने काढलेला तोड ऐका. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने अगदी पाण्याला लागून घर बांधलं, त्याचं पुढचं नाव फरहत बख्श. त्याचे खालचे मजले पुरात बुडणार हे गृहीत धरूनच बांधलेले! पाणी ओसरलं की खोल्या साफ करायच्या आणि लखनऊच्या होरपळत्या उन्हाळ्यात तिथल्या गारव्यात राहायचं. नदी चढू लागली की आपणही वरच्या मजल्यावर. नदीशी असा समझोता करणारं दुसरं घर मला ठाऊक नाही.

हे घर पुढे नवाब सआदत अली खानाने घेतलं आणि ते छतर मंजिलच्या महालांत सामावलं. काही वर्षांपूर्वी याच आवारात खोदकाम करताना चाळीस फुटांहून लांब लाकडी नाव मातीखाली सापडली. नवाबांची एक शाही नौका तर चक्क माशाच्या आकाराची होती; मासा हे त्यांच्या अवध राज्याचं राजचिन्ह. छायाचित्रकार फेलिचे बियातोने 1858 मध्ये काढलेल्या छायाचित्रात ती आजही दिसते.

आणि सर्वांत मोठं नवल 1819 सालचं. अवधचा शासक गाजीउद्दीन हैदर याच्यासाठी तयार झालेली वाफेची नौका गोमतीवर आली. भारतातली पहिली आगबोट म्हणून तिचं नाव घेतलं जातं. बोरीबंदर-ठाणे रेल्वे धावायला अजून 34 वर्षं होती! इंजिन इंग्लंडातल्या डर्बीशरच्या बटरली कंपनीचं, ताकद आठ अश्वशक्ती, म्हणजे आज पुण्यातल्या साध्या स्कूटरइतकी. मुंबई नाही, मद्रास नाही. समुद्रापासून शेकडो मैल आत, एका तळ्यातून निघालेल्या नदीवर ही वाफ उसासली.

आज गोमतीत शहराचे नाले मिसळतात. बेसुमार उपशाने भूजल खाली जातं, तसं उगमाकडचं तिचं पात्र उन्हाळ्यात ठिकठिकाणी कोरडं पडतं. लखनऊला जाल तेव्हा इमामबाडा पाहून परतू नका. नावाड्याला हाक मारा आणि ही नदी पाण्यावरून बघा.