मातीतील नत्राची मुदत ठेव

पिकाची पाने पिवळी पडू लागली की शेतकरी युरियाची गोणी आणतो. त्याच्या पायाखालच्या मातीत नत्राचा मोठा साठा असतो, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. जमिनीच्या वरच्या थरातील ९० टक्क्यांहून अधिक नत्र सेंद्रिय संयुगांच्या रूपात असते. प्रथिनांतील अमिनो आम्ले, सूक्ष्मजीवांच्या पेशीभित्तिकांतील अमिनो शर्करा आणि ह्यूमसमध्ये घट्ट बांधली गेलेली जटिल संयुगे ही त्याची प्रमुख रूपे होत.

पिके नत्र घेतात ते मुख्यतः अमोनियम व नायट्रेट या साध्या रूपांत. बँकेच्या भाषेत, सेंद्रिय नत्र ही मुदत ठेव, तर नायट्रेट हे चालू खाते. एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम वळती करण्याचे काम मातीतील सूक्ष्मजीव अव्याहत करीत असतात.

रानात पालापाचोळा जागीच कुजतो; ठेवीत भर पडत राहते. नांगरटीने ढेकळे फुटतात, हवा आत शिरते व सेंद्रिय पदार्थ वेगाने विघटित होतात. शिवाय पीक कापून शेताबाहेर जाते. कीनी व ब्रेमनर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील लागवडीच्या व बिनलागवडीच्या जमिनींची तुलना १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. लागवडीमुळे सेंद्रिय नत्राचे सर्वच प्रकार घटले होते. त्यांचे परस्पर प्रमाण मात्र फारसे बदलले नव्हते. म्हणजे झीज एखाद्या कप्प्याची नव्हे, सबंध ठेवीची होते.

ही ठेव पुन्हा वाढविता येते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळालेल्या तुकड्यातील नत्र बिनखताच्या तुकड्याच्या दुपटीहून अधिक झाले. शेताचा एक भाग १८८२ मध्ये गहू न कापता सोडून दिला. तेथे रान माजले आणि मातीत नत्र साठत गेले. अर्थात, यास अनेक दशके लागली.

आपल्या उष्ण हवामानात विघटन अधिक जलद होते. म्हणून शेणखत, ताग-धैंचाचे हिरवळीचे खत, कडधान्यांची फेरपालट आणि पाचट न जाळणे यांस पर्याय नाही. २०१५ पासून मिळू लागलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत 'सेंद्रिय कर्ब' हा रकाना असतो. कर्ब व नत्र मातीत साधारण दहा-बारास एक या प्रमाणात एकत्र नांदतात. त्यामुळे हा आकडा ठेवीची शिल्लकच सांगतो. पीककर्जाची परतफेड अखेर याच शिल्लकीवर अवलंबून असते. पासबुकाइतक्याच काळजीने ही पत्रिकाही पाहावी.