'बेबदो' : पहिल्या यशस्वी ध्वनिमुद्रिकेचा प्रवास आणि बोलीगीतांपुढील प्रश्न

प्रस्तावना :
लोकप्रिय संगीताच्या इतिहासात एखाद्या वाद्यवृंदाची किंवा गायिकेची पहिली गाजलेली ध्वनिमुद्रिका हा महत्त्वाचा टप्पा असतो. अशा यशाचे श्रेय बहुधा गायिकेच्या आवाजाला किंवा दैवाला दिले जाते. प्रत्यक्षात त्यामागे प्रशिक्षण, भाषा, बाजारपेठ आणि समाजजीवन यांचा एकत्रित परिणाम असतो. ख्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदासह लोर्ना यांनी गायिलेल्या व १९७१ मध्ये हिज मास्टर्स व्हॉइसने प्रसिद्ध केलेल्या 'बेबदो' या कोंकणी गीताच्या आधारे हे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. रावेर तालुक्यातील सावदा व परिसरात लेवा गणबोली आणि खानदेशात अन्यत्र अहिराणी बोलली जाते. या बोलींतील गीतांच्या भवितव्याच्या दृष्टीनेही हे उदाहरण उद्बोधक आहे.

पार्श्वभूमी :
गोव्यात पोर्तुगीज राजवटीत चर्चशी संलग्न शाळांमधून मुलांना पाश्चात्य स्वरलिपी व वाद्यवादन शिकविले जात असे. या शिक्षणातून तयार झालेले वादक उपजीविकेसाठी मुंबईत आले. हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंद आणि हिंदी चित्रपटांचे ध्वनिमुद्रण या दोन्ही क्षेत्रांत त्यांनी आपले स्थान निर्माण केले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट ही त्यांतील परिचित नावे होत. मडगावचे ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी याच परंपरेतील होते. मुंबईच्या वांद्रे भागात वाढलेल्या लोर्ना कोर्देरो यांचा आवाज ऐकून त्यांनी लोर्ना यांना आपल्या वाद्यवृंदात घेतले. हॉटेलांतील श्रोत्यांसाठी हा वाद्यवृंद प्रामुख्याने इंग्रजी गीते सादर करीत असे.

कोंकणी गीतांचे ध्वनिमुद्रण ही मात्र १९७१ मधील नवलाई नव्हती. १८९२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या तियात्र या नाट्यप्रकारातील गीते त्यापूर्वीच तबकड्यांवर आली होती. नवीन होती ती जोडणी. घरात व वाड्यात बोलली जाणारी भाषा आणि हॉटेलांतील जॅझचा सफाईदार वाद्यमेळ हे दोन प्रवाह 'बेबदो'मध्ये एकत्र आले.

यशाची कारणे :
'बेबदो' या कोंकणी शब्दाचा अर्थ दारुडा. याच तबकडीवर 'पिसो' (वेडा), 'रेड रोझ' आणि 'तुजो मोग' (तुझे प्रेम) ही आणखी तीन गीते होती. या शीर्षकांवरूनच गीतांचे विषय नित्याच्या जीवनातील असल्याचे दिसते. दारूचे व्यसन हा तर घरोघरी दु:ख देणारा विषय. त्यावर उपदेश न करता तो नाचता येईल अशा ठेक्यात मांडल्यामुळे श्रोत्याला एकाच वेळी हसू येते आणि ओळखही पटते.

दुसरे कारण वाद्यमेळाच्या दर्जाचे. खानदेशातील लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या बँडमुळे ट्रम्पेटचा आवाज येथील श्रोत्यास परिचित आहे. वरातीत हे वाद्य बहुधा गाण्याची चाल वाजविते. ख्रिस पेरी यांच्या रचनांत ते गायिकेला उत्तर देते, तिच्या दोन ओळींमधील जागा भरून काढते आणि ताल पुढे नेते. त्यामुळे गायिका आणि वाद्ये यांच्यात संवाद निर्माण होतो. लोर्ना यांचा खुला व दमदार आवाज अशा वाद्यमेळातही दबून जात नाही.

तिसरे कारण प्रसाराचे. चार गीतांची छोटी तबकडी मोठ्या तबकडीपेक्षा स्वस्त असे. मुंबईतील गोमंतकीयांचे 'कूड' म्हणजे गाववार निवासमंडळे, लग्नसमारंभ व चर्चचे उत्सव यांमुळे गीताला जाहिरातीवाचून श्रोते मिळू शकत होते. गाव सोडून आलेल्या माणसाला आपली बोली नव्या साजात ऐकण्याचे मोल वेगळेच असते.

भाषिक महत्त्व :
१९७१ मध्ये कोंकणीला राजमान्यता नव्हती. साहित्य अकादमीने तिला १९७५ मध्ये स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ मध्ये संमत झाला आणि १९९२ मध्ये कोंकणीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. ही मान्यता एका गीतामुळे मिळाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि, बोलण्यातली भाषा आधुनिक संगीताचा भार पेलू शकते, हे या गीताने कोणत्याही ठरावाची वाट न पाहता दाखवून दिले.

यशाची दुसरी बाजू :
वाद्यवृंदाच्या यशात गायिका सर्वांत पुढे दिसते, परंतु रचना, वाद्यवृंद व कार्यक्रम यांवरील अधिकार बहुधा प्रमुखाकडे असतो. ख्रिस पेरी यांच्यापासून दूर झाल्यावर लोर्ना दीर्घकाळ संगीतक्षेत्राबाहेर राहिल्या. रॉनी मोन्सेरात यांच्या साथीने १९९५ मध्ये त्यांचे पुनरागमन झाले, तेव्हा जुन्या गीतांचा श्रोतृवर्ग त्यांची वाट पाहत असल्याचे दिसून आले. ख्रिस पेरी यांचे २००२ मध्ये निधन झाले. पुढे बार्डरॉय बार्रेटो यांच्या 'नाचूंया कुंपासार' या चित्रपटाने त्या काळातील गीते नव्या पिढीपर्यंत पोहोचविली.

आवाज घरोघरी पोहोचावा आणि त्याच आवाजाची धनीण अनेक वर्षे मंचापासून दूर असावी, ही विसंगती केवळ व्यक्तिगत नाही. १९५७ च्या मूळ स्वामित्वहक्क कायद्यात गायक-वादकांना सादरकर्ते म्हणून स्वतंत्र हक्क नव्हते. ते १९९४ च्या दुरुस्तीने मिळाले आणि २०१२ च्या दुरुस्तीने मानधनविषयक तरतुदी अधिक बळकट झाल्या. 'बेबदो'च्या काळातील कलावंतांना हे संरक्षण उपलब्ध नव्हते.

खानदेशच्या संदर्भात :
बोलीतील काव्याची थोरवी खानदेशाला नव्याने सांगावी लागत नाही. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने आली आणि १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून ती पडद्यावरही पोहोचली. मात्र स्वत: बहिणाबाईंना हे यश पाहता आले नाही. आज अहिराणी गीते भ्रमणध्वनीवरून दूरवर ऐकली जातात. तबकडी काढणाऱ्या कंपनीची आता गरज उरलेली नाही. परंतु गीत कोणी लिहिले, चाल कोणाची, आवाज कोणाचा आणि उत्पन्नाचा वाटा कोणाला, हे प्रश्न तसेच आहेत.

निष्कर्ष :
पहिले यश हे प्रशिक्षित वाद्यवृंद, जिवंत बोली आणि आपलेपणाने ऐकणारा समाज यांच्या संयोगातून साकार होते. ते टिकण्यासाठी कलावंताच्या हक्कांची लेखी नोंद तितकीच आवश्यक आहे. बोलीगीत लोकप्रिय झाले म्हणजे बोलीचा सन्मान झाला, असे मानून थांबता येणार नाही. त्या गीतामागील नावे आणि त्यांचा वाटा सुरक्षित राहिला, तरच तो सन्मान पूर्ण होतो.