लेझर कुठाय? एफ-१६ च्या मॉडेलवर पॉड आणि बॉम्ब लावण्याआधी

ज्यांना बसमध्ये ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "अं..." कमी केलेत.

आजचा विषय आहे लढाऊ विमानांच्या स्केल मॉडेलवर टार्गेटिंग पॉड आणि शस्त्रं बरोबर कशी लावायची. सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

मी दिवसभर कोड लिहितो आणि रात्री प्लास्टिकची विमानं जोडतो. दोन वर्षांपूर्वी १/७२ स्केलचं एफ-१६ पूर्ण केलं. किटच्या खोक्यात जेवढे बॉम्ब होते, तेवढे सगळे टांगले. एकेका रॅकवर तीन-तीन. विमान अगदी दिवाळीच्या फटाक्यांच्या दुकानासारखं दिसत होतं आणि मला ते भारी वाटत होतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका राहतात. हवाई दलात आर्मामेंट फिटर होते, म्हणजे विमानाला शस्त्रं लावणाऱ्या टीममध्ये. मी हौसेनं मॉडेल दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावला, विमान उलटं केलं आणि विचारलं, "हे लेझरवाले बॉम्ब ना? मग लेझर कुठाय?"

मी म्हटलं, "काका, दुसरं विमान लेझर टाकेल की."

"बरं. मग ते दुसरं कुठाय?"

विषय संपला. घरी येऊन मी वाचायला बसलो. त्यातून जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

पॉड नेमका करतो काय?

मी लावलेला बॉम्ब होता जीबीयू-१२. हा ५०० पौंडी साधा बॉम्बच असतो. त्याच्या नाकावर लेझर शोधणारा भाग आणि शेपटीला पंख बसवले की तो 'पेव्हवे-२' कुटुंबातला होतो. पण हा बॉम्ब स्वतः लक्ष्य ओळखत नाही. विमानाखालचा पॉड कॅमेऱ्यानं लक्ष्य बघतो आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारा लेझर टाकतो. लक्ष्यावरून परावर्तित झालेला ठिपका बॉम्बला दिसतो आणि बॉम्ब त्याच्याकडे वळत जातो.

आता गंमत बघा. लेझरच्या स्पंदनांना एक कोड असतो. पॉडचा आणि बॉम्बचा कोड जुळला तरच काम होतं, आपल्या ओटीपीसारखं. पेव्हवे-२ मध्ये बॉम्बवरचा हा कोड उड्डाणाआधी जमिनीवर, हातानं सेट करतात. म्हणजे काकांसारखी माणसं. हे वाचलं तेव्हा त्यांचा प्रश्न मला पुन्हा ऐकू आला.

आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत असायला हवं. कारगिल युद्धात, २४ जून १९९९ ला, आपल्या मिराज-२००० विमानांनी टायगर हिलवर लेझरवाला बॉम्ब टाकला. सुमारे ५,००० मीटर उंचीचं शिखर आणि त्यावर शत्रूची छोटीशी ठाणी. तिथे लक्ष्य दाखवलं ते इस्रायलकडून घेतलेल्या 'लायटनिंग' पॉडनं. त्या वेळचे हवाई दलप्रमुख अनिल टिपणीस स्वतः सोबतच्या दुसऱ्या मिराजमध्ये बसून हे बघत होते. पॉड नसता तर तो बॉम्ब महागडा साधा बॉम्बच राहिला असता.

कुठे लावायचा आणि कोणता?

एफ-१६ च्या खाली शस्त्रं टांगायच्या जागांना नंबर असतात. डाव्या पंखाच्या टोकाला १, उजव्या टोकाला ९, मधोमध ५. शिवाय हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटी जागा असते. टार्गेटिंग पॉड लागतो उजव्या बाजूला. उजवी म्हणजे पायलटची उजवी, समोरून बघणाऱ्याची नाही! मी स्वतः एकदा उलटा चिकटवून झालोय.

आता कोणता पॉड? इथे सन महत्त्वाचं.

१९९१ चं आखाती युद्ध करताय? एफ-१६ नी तेव्हा टाकलेले बॉम्ब बहुतेक साधेच होते. म्हणजे जीबीयू-१२ बाजूलाच ठेवा. नव्वदच्या दशकातलं विमान असेल तर 'लँटर्न' ही जोडी चालते. डावीकडे रात्री रस्ता दाखवणारा नेव्हिगेशन पॉड, उजवीकडे टार्गेटिंग पॉड. अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डच्या एफ-१६ वर साधारण २००० च्या सुमारास लायटनिंग दिसायला लागतो. आणि 'स्नायपर' लावायचा असेल तर २००५ किंवा त्यानंतरचं विमान निवडा.

अजून एक सापळा आहे. रडार शोधून हार्म क्षेपणास्त्र मारणाऱ्या ब्लॉक ५० विमानांवर एचटीएस नावाचा छोटा पॉड असतो. आधी तो उजवीकडे लागायचा. २००० च्या दशकात टार्गेटिंग पॉडला जागा हवी म्हणून तो डावीकडे गेला. म्हणजे एवढासा पॉड कुठल्या बाजूला आहे त्यावरून जाणकार तुमच्या मॉडेलचा काळ सांगतो.

मापं काढा, अंदाज नको

खरा लायटनिंग सुमारे २२० सेंटीमीटर लांब आणि ४०.६ सेंटीमीटर जाड. ७२ नं भागा: लांबी ३ सेंटीमीटरच्या किंचित वर, जाडी साडेपाच मिलिमीटर. स्नायपर २५२ सेंटीमीटर लांब, पण जाडी ३०.५ च. म्हणजे मॉडेलवर साडेतीन सेंटीमीटर आणि जेमतेम सव्वाचार मिलिमीटर. एक आखूड आणि गुबगुबीत, दुसरा लांब आणि सडपातळ. इंटरनेटवरची थ्रीडी फाइल प्रिंट करण्याआधी एवढा भागाकार कराच. मी न करता प्रिंट केलेला पहिला पॉड विमानापेक्षा माझ्या पेनला जास्त शोभला असता.

प्रिंटर नसेल तर हासेगावाचे शस्त्रांचे वेगळे सेट किंवा एडुआर्डचे रेझिनचे पॉड मिळतात. महाग पडतात, पण बारकावे सुंदर असतात.

पॉडच्या पुढच्या काचेत जीव असतो. आधी चकचकीत चंदेरी, त्यावर पारदर्शक रंगाचा पातळ हात. रंगाची छटा फोटो बघून ठरवा. स्नायपरची काच पैलू पाडल्यासारखी, टोकदार असते. तिच्या कडा सँडपेपरनं गोल करू नका. लायटनिंगचं डोकं फिरतं, आणि जमिनीवर उभ्या विमानात बहुतेक वेळा काच जपायला ते आत वळवलेलं असतं. चाकांवर उभं, इंजिन बंद असलेलं मॉडेल करताय? मग काच दिसलीच नाही तरी चालेल. अर्धं काम वाचलं!

जोडताना एक काळजी घ्या. चिकटवायची जागा एवढीशी, त्यामुळे नुसत्या गोंदावर पॉड टिकत नाही. विमानाचे भाग जोडायच्या आधी बारीक भोक पाडा, पॉडमध्ये अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार बसवा. रंग वेगळा द्या आणि पॉड सगळ्यात शेवटी लावा.

बॉम्बचे नियम

पहिला: विमानाखाली असताना जीबीयू-१२ चे मागचे पंख मिटलेले असतात, सुटल्यावर उघडतात. उघडे पंख दिले असतील तर ते बॉम्ब हवेतल्या दृश्यासाठी ठेवा.

दुसरा: तीन बॉम्बांच्या रॅकवर शेजारी इंधनाची टाकी असेल तर टाकीकडची जागा रिकामी असते. म्हणजे दोनच बॉम्ब, तिरपे. माझं फटाक्यांचं दुकान इथेच बंद पडलं.

तिसरा: अमेरिकन हवाई दलाचे बॉम्ब गुळगुळीत, ऑलिव्ह हिरवे. नौदलाचे करडे आणि खरखरीत, कारण जहाजावर आग लागली तर बॉम्ब लवकर तापू नये म्हणून त्यांना जाड लेप असतो. एफ-१६ वर हिरवेच लावा.

चौथा नियम पट्ट्यांचा. नाकाजवळचा पिवळा पट्टा म्हणजे आत खरी स्फोटकं. निळा म्हणजे सरावाचा. क्षेपणास्त्रावर तपकिरी पट्टा म्हणजे रॉकेट मोटर.

हे सगळं शिकून मी तेच विमान पुन्हा केलं. एकच फोटो समोर ठेवला आणि त्यात जे दिसतं तेवढंच लावलं. उजवीकडे लायटनिंग, दोन्ही पंखांखाली मिळून दोन जीबीयू-१२, टाक्या, टोकांना क्षेपणास्त्रं. बाकी किटमधली शस्त्रं डब्यात.

काकांकडे नेलं. त्यांनी परत उलटं केलं, आधी पॉड बघितला, मान हलवली. मग बॉम्बवर नखाएवढाही नसलेला पट्टा दाखवून म्हणाले, "पिवळा लावलायस. म्हणजे हा खरा. हा लावताना आमच्यात कोणी बोलायचं नाही."

मी गप्प बसलो. इतके दिवस तो पट्टा माझ्यासाठी फक्त एक डिकॅल होता.

म्हणून आता नवीन मॉडेल सुरू करताना मी आधी एक कागद घेतो. त्यावर लिहितो: कोणतं विमान, कोणतं साल, कोणतं काम. या तीन ओळी भरल्याशिवाय शस्त्रांची पिशवी फोडत नाही. कधीकधी उत्तर येतं की त्या दिवशी विमान सरावाला निघालं होतं आणि पट्टा निळा आहे. तेही मॉडेल तेवढंच खरं असतं.

पुढच्या भागात टाक्यांवरचे डाग आणि धूर. तोवर तुमच्या कपाटातलं एक विमान उलटं करा आणि स्वतःलाच विचारा: लेझर कुठाय?